माशाचा वास, माशाचा जीव

शंभर ग्रॅम लोणी घ्यायचं आणि फ्रिजबाहेर ठेवून मऊ होऊ द्यायचं. त्यात लसणाच्या तीन पाकळ्या ठेचून, मूठभर कोथिंबीर अगदी बारीक चिरून, एका लिंबाची किसलेली साल, थोडा रस, एक हिरवी मिरची आणि मीठ. सगळं कालवून बटर पेपरवर त्याची लांबट वळकटी करायची, दोन्ही टोकं चॉकलेटच्या कागदासारखी पिळायची आणि परत फ्रिजमध्ये. तासाभरात वळकटी घट्ट होते. माशाचा तुकडा शेगडीवरून उतरला की तिची एक चकती कापून वर ठेवायची. लोणी आधीच घातलं तर त्यातला दुधाचा अंश करपून कडू होतो, म्हणून ते शेवटी, विस्तवापासून लांब. फ्रेंच स्वयंपाकात अशाच लोण्याला 'मेत्र दोतेल' म्हणतात. तिथे कोथिंबिरीच्या जागी पार्स्ली असते.

पाककृती एवढीच. या चकतीखाली नेमकं काय काय झाकलं जातं, हा माझा प्रश्न आहे.

मी ढिवर. आमचं गाव चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठाला. मार्कंडा तिथून जवळच. एरवी दक्षिणेकडे जाणारी वैनगंगा मार्कंड्याला वळण घेऊन उत्तरेकडे वाहते, म्हणून तिथे तिचं माहात्म्य जास्त. काठावर महादेवाची जुनी कोरीव देवळं आहेत, त्यांना लोक विदर्भाचं खजुराहो म्हणतात. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. माझे आजोबा याच नदीत डोंगा घालायचे, काका अजून घालतात. बाबांनी जाळं सोडून नोकरी धरली, मला इंजिनिअर केलं, आणि मी आता पुण्यात दिवसभर स्क्रीनपुढे बसून दुसऱ्यांच्या पैशांचे व्यवहार बिनचूक पार पडावेत म्हणून कोड लिहितो.

पुण्यात घर शोधताना आपल्याला एक गोष्ट फार लवकर कळते. 'व्हेज ओन्ली' या दोन शब्दांत बऱ्याच पायऱ्या असतात. एका घरमालकांनी मला त्या नीट उलगडून सांगितल्या. अंडं चालेल. चिकन बाहेरून आणून खाल्लं तर बघू. मटण सणावारी, दार लावून. मासे मात्र नाहीत. का? तर वास येतो. हिंसेबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. बोकडाला मासळीपेक्षा कमी दुखतं असा त्यांचा काही सिद्धान्त असेल, असंही वाटलं नाही. मी ज्या एका ऑफिसात काम केलं तिथे पँट्रीतल्या मायक्रोवेव्हवर कागद चिकटवलेला होता : कृपया मासे गरम करू नयेत. चिकनबद्दल कागद नव्हता. त्याच ऑफिसच्या वार्षिक जेवणाला एका मोठ्या हॉटेलात काउंटरवर छोटी पाटी होती, 'ग्रिल्ड फिश विथ हर्ब बटर', आणि तिच्यापुढे सगळ्यात लांब रांग. मायक्रोवेव्हच्या कागदाचा आग्रह धरणारे दोघे रांगेत माझ्या पुढे होते. कुणी नाक मुरडलं नाही.

तो मासा बासा होता. पुण्यामुंबईच्या हॉटेलांत लोण्याखाली असतो तो बहुतेक वेळा बासाच. म्हणजे पंगॅशियस, मूळचा मेकाँग नदीतला, आता व्हिएतनामपासून आंध्रपर्यंत तळ्यांत वाढवला जाणारा. गंमत बघा, हाही नदीचाच मासा, मिशावाला, आपल्या मागुराच्या लांबच्या नात्यातला. फक्त त्याची कातडी, काटे, डोकं आणि नाव मागे कारखान्यात राहिलेलं असतं. पांढरी, बिनवासाची, जवळजवळ बिनचवीची एक पट्टी ताटात येते. चव लोण्याची.

वासाची थोडी शहानिशा करू, कारण तो इतक्या लोकांना घर नाकारतो. समुद्राच्या माशात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य असतं. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि आपण ज्याला मासळीचा वास म्हणतो तो मुख्यतः हा. आंबट लागलं की हा अमाइन बांधला जातो आणि हवेत उडत नाही, म्हणून लिंबू. गोड्या पाण्यातल्या माशात हा प्रकार कमी. त्याचा वास चिखलाचा असतो, आणि त्यामागे बऱ्याचदा जिओस्मिन नावाचा रेणू असतो. पाण्यातले आणि मातीतले सूक्ष्मजीव तो तयार करतात. आपलं नाक त्याच्या बाबतीत विलक्षण तीक्ष्ण आहे. पहिल्या पावसानंतर मातीला येणारा गंध तो हाच. म्हणजे ज्या रेणूवर दर जूनमध्ये आपण स्टेटस ठेवतो, तोच रोहूच्या तुकड्यातून आला की सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार जाते. आंबटाने जिओस्मिनही मोडतो. आजी माशाच्या रश्श्यात चिंच घालते ती त्याचसाठी, आणि फ्रेंच शेफ लोण्यात लिंबू पिळतो तेही त्याचसाठी. रसायन एकच आहे.

वास काढून टाकला की माणूस स्वीकारला जातो, ही कथा आपल्याकडे फार जुनी आहे. महाभारतातली सत्यवती. कोळ्यांच्या राजाने वाढवलेली, यमुनेवर नाव चालवणारी, अंगाला माशाचा वास येणारी म्हणून मत्स्यगंधा. पराशर ऋषी नावेत बसतात, तिच्यावर भुलतात आणि तिला वर देतात. तिचा वास जाऊन सुगंध येतो, तोही योजनभर पसरणारा. ती योजनगंधा होते. त्या सुगंधाच्या मागावर पुढे शंतनू येतो आणि कोळ्याची मुलगी हस्तिनापूरची राणी होते. वसंत कानेटकरांनी १९६४ साली तिच्यावर 'मत्स्यगंधा' लिहिलं, अभिषेकींच्या चालींमुळे ते घरोघरी गेलं. मला मात्र कथेचा आधीचा भाग सतावतो. सत्यवती सापडली कुठे? कोळ्यांच्या जाळ्यात एक मासळी आली, त्यांनी तिचं पोट चिरलं आणि आत एक मुलगा आणि एक मुलगी निघाली. ती मुलगी सत्यवती. मासळी म्हणजे शापित अप्सरा होती आणि तिला मुक्ती मिळाली, अशी तिची सोय कथेने लावलेली आहे. पण कथेला सुगंधाची जितकी काळजी आहे, तितकी त्या चिरलेल्या पोटाची नाही.

तर मासे खाण्याविरुद्ध आपल्याकडे दोन आक्षेप आहेत आणि आपण ते एकाच पिशवीत घालून फिरतो. एक : मासा बाटवतो. त्याचा वास घराला, भांड्याला, माणसाला लागतो. दुसरा : मासा मरतो. पहिला सोवळ्याचा, दुसरा अहिंसेचा. पहिला आक्षेप घेणारा नेहमी दुसऱ्याचे कपडे घालून येतो, कारण 'तुझा वास येतो' म्हणणं आता वाईट दिसतं आणि 'प्राण्यांना दुखतं' म्हणणं चांगलं दिसतं. कोण कुठला हे ओळखायला लोण्याची चकती फार उपयोगी आहे. ती पहिला आक्षेप पूर्ण मिटवते आणि दुसऱ्याला स्पर्शही करत नाही. लोण्याखालचा मासा तेवढाच मेलेला असतो. चकती ठेवल्यावर ज्याचा विरोध विरघळला, त्याचा विरोध कधी माशाच्या जिवाबद्दल नव्हताच.

इथे थांबलो तर हा लेख मला फार सोयीचा होईल. माझ्या बाजूच्या बऱ्याच लोकांचे लेख इथेच थांबतात. समोरच्याचं सोवळं उघडं पाडलं की आपलं ताट आपोआप निर्दोष ठरतं, अशी आपली समजूत असते. पण समोरचा दांभिक असल्याने मासा कमी मरत नाही. खोट्या तोंडून आलेला प्रश्नही खरा असू शकतो.

आणि माझ्या बाबतीत तो खऱ्या तोंडून आला. माझा एक जैन सहकारी आहे. बटाटासुद्धा न खाणारा. दोन वर्षं तो दुपारी माझ्या शेजारी बसून जेवला, माझ्या डब्यात मासे असतानाही. वासाबद्दल एक शब्द नाही, चेहऱ्यावर रेघ नाही. एके दिवशी त्याने साध्या आवाजात विचारलं, "त्याला मरायला किती वेळ लागतो?"

मला ढिवर असून उत्तर देता आलं नाही, कारण आमच्याकडे हा प्रश्न कुणी विचारत नाही. मासा पाण्यातून बाहेर काढणं म्हणजेच मासा मारणं, असं आपण धरून चालतो. मधल्या वेळेला नाव नाही.

माशाला दुखतं का, यावर शास्त्रज्ञांत अजून भांडण आहे. २००३ साली लिन स्नेडन आणि तिच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठात सौम्य ॲसिड आणि मधमाशीचं विष टोचून पाहिलं. ज्यांना ॲसिड टोचलं ते मासे ओठ टाकीच्या तळाच्या खडीवर घासू लागले. टोचलेले मासे अंग डोलवू लागले आणि कित्येक तास अन्नाकडे फिरकले नाहीत. माशांच्या डोक्यावर इजा ओळखणाऱ्या चेता असल्याचंही त्यांनी दाखवलं. ब्रायन की यांच्यासारखे विरोधक म्हणतात, माशाला आपल्यासारखा मेंदूचा बाह्य पापुद्राच नाही, त्यामुळे ही नुसती प्रतिक्रिया आहे, वेदना नव्हे. मी या वादाचा न्यायाधीश नाही. पण माझ्या धंद्यात एक साधी रीत आहे. एखादी चूक घडेल की नाही याची खात्री नसेल आणि घडली तर नुकसान भरून न येणारं असेल, तर ती घडणार असं धरून कोड लिहायचा. खडीवर ओठ घासणाऱ्या माशाबाबत मला हीच रीत बरोबर वाटते.

आता ती रीत घेऊन बुधवारच्या बाजारात जा. रोहू, कटला पाण्याबाहेर फार टिकत नाहीत. मरळ टिकतो. त्याला हवेतला श्वास घेण्यासाठी डोक्यात वेगळी सोय असते, त्यामुळे तो बोटभर पाण्याच्या घमेल्यात तासन् तास जिवंत राहतो. म्हणूनच तो महाग. गिऱ्हाईक बोटाने टोचून बघतं, हलला की भाव मान्य. आपली ताजेपणाची कसोटीच त्याचं लांबलेलं मरण आहे. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. अन्नासाठी मारायला मोकळीक आहे, पण अनावश्यक यातना देऊन नाही. शब्दशः वाचलं तर घमेल्यातला मरळही त्यात येतो. घमेल्यापर्यंत मात्र कायदा पोचत नाही.

जपानी कोळ्यांची इकेजिमे नावाची पद्धत आहे. मासा हाती आला की लगेच मेंदूत अणकुचीदार सळई घालायची, मग रक्त काढून टाकायचं. त्यांनी ती करुणेपोटी काढलेली नाही. तडफडणारा मासा स्नायूंतली सगळी ऊर्जा खर्चून टाकतो, आम्ल साचतं, मांस लवकर मऊ पडतं. झटकन मेलेल्या माशाचा तुकडा घट्ट राहतो आणि जाळीवर ठेवल्यावर फुटत नाही. जीभ आणि दया एकाच दिशेला बोट दाखवतात असे प्रसंग थोडे. हा त्यातला एक.

मार्कंडा हे नाव ज्या ऋषीचं, त्या मार्कंडेयाची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. सोळाव्या वर्षी मरण ठरलेला मुलगा पिंडीला मिठी मारतो, यमाचा पाश पडतो, आणि महादेव यमालाच अडवतात. महाभारताच्या वनपर्वात हाच मार्कंडेय, आता पुराणपुरुष झालेला, पांडवांना गोष्टी सांगतो. त्यांतल्या दोन माझ्या कामाच्या. एकीत एक चिमुकला मासा मनूला म्हणतो, मोठे मासे मला खातील, मला वाचव. मनू त्याला मडक्यात ठेवतो, मग तळ्यात, मग गंगेत, मग समुद्रात. पुढे प्रलयात तोच मासा मनूची नाव ओढून नेतो. मरणातून सुटलेल्या माणसाने सुटलेल्या माशाची गोष्ट सांगावी, हे मला फार योग्य वाटतं.

दुसरी गोष्ट धर्मव्याधाची. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण, ज्याच्या रागीट नजरेने झाडावरची बगळी मरून पडली, तो धर्म शिकायला मिथिलेत येतो आणि त्याला गुरू भेटतो तो मांसाच्या दुकानात. व्याध त्याला सांगतो ते थोडक्यात असं : नांगर फिरला तरी जीव मरतात, चाललं तरी मरतात, पूर्ण अहिंसक कुणीच नाही, मात्र जो प्रयत्न करतो त्याच्या हातून हिंसा कमी होते. त्याचं आणखी एक म्हणणं आहे की हा माझ्या कुळाचा धंदा, म्हणून मी करतो. ते मला मान्य नाही. 'कुळाचा धंदा' याच दोन शब्दांनी माझ्या आजोबांना डोंग्याला बांधून ठेवलं होतं. पण 'कमी' हा शब्द मी घेतो. 'शून्य' म्हटलं की सोवळं सुरू होतं, कारण शून्य सांभाळायला कुणाला तरी बाहेर ठेवावं लागतं. 'कमी' म्हटलं की हिशोब करावा लागतो. आणि एक बारकावा सहसा सांगितला जात नाही : हा व्याध मांस विकतो, पण स्वतः मारत नाही आणि खातही नाही. आपण शहरातले त्याच्या बरोबर उलटे. खातो, पण मारणं आणि विकणं दुसऱ्याकडे.

हिशोब करायला बसलो आणि तो माझ्याच विरुद्ध गेला. मासे आपण किलोने मोजतो; बोकड नगाने, कोंबडी नगाने, मासा वजनाने. जगात दरवर्षी समुद्र-नद्यांतून पकडल्या जाणाऱ्या माशांचा संख्येत अंदाज केला तर तो एक लाख कोटींच्या पुढे जातो. आता घरचं ताट घ्या. चार किलोच्या एका कटल्याचे आडवे तुकडे केले, म्हणजे ज्याला मेनूकार्डावर स्टेक म्हणतात ते, तर आठ-दहा माणसं जेवतात. जीव एक. त्याच दहा माणसांना आम्ही नदीचे बारीक मासे कुरकुरीत तळून वाढले तर जीव तीनशे. म्हणजे ज्या स्टेकची मी आत्तापर्यंत टर उडवली, तो जिवांच्या हिशोबात आमच्या गरीब, प्रामाणिक, काट्यांसकट खाल्ल्या जाणाऱ्या बारीक मासळीपेक्षा कितीतरी हलका. बारीक मासा मात्र स्वस्त असतो, हाडांसकट पोटात जातो, आणि ज्या घरात दूध नाही तिथे तोच कॅल्शियम असतो. ज्यांच्याकडे पर्याय कमी त्यांच्या ताटात नग जास्त. हा गुंता मला सुटलेला नाही.

गेल्या दिवाळीत गावी असताना काकांच्या जाळ्यात असाच एक मोठा कटला आला. मी म्हटलं, आज मी करतो. काकूंनी विळीवर इंचभर जाडीचे तुकडे पाडून दिले. मी त्यांना मीठ चोळून वीस मिनिटं ठेवलं, सुटलेलं पाणी फडक्याने टिपलं. तीन विटा, त्यावर लोखंडी जाळी, खाली कोळसे चांगले पांढरे झालेले. जाळीला तेल लावलं, तुकड्यांनाही. मासा आपणहून जाळी सोडेपर्यंत उलटायचा नाही, ओढला तर अर्धा वर राहतो. एकेका बाजूला चार-पाच मिनिटं पुरतात. कटला, रोहू यांच्या मांसात बारीक दुबेळके काटे असतात, त्यामुळे हा स्टेक काट्या-सुरीने खाता येत नाही. बोटांनी, हळू, प्रत्येक घासाकडे बघत खावा लागतो. मला हे बासाच्या पट्टीपेक्षा बरं वाटतं. माशाला त्याने काही फरक पडत नाही, हेही ठाऊक आहे.

चकत्या ठेवल्या, लोणी वितळून कडेने ओघळलं. आजीने एक घास घेतला, बोटं बघितली आणि म्हणाली, "मासा खाऊन राहिला का लोणी?" मग दुसरा तुकडा घेतला.

दुपारी नदीवर काकांनी तो मासा डोंग्यात घेतल्या घेतल्या दांडक्याचा एकच ठोका त्याच्या डोक्यावर घातला होता. मासा जागीच थंड. लहानपणापासून मी ते बघत आलो होतो, पण या वेळी विचारलं, असं का करता? काका म्हणाले, तडफडतो, जाळं फाडतो. दयाबिया काही नाही. रात्री मी सहकाऱ्याला फोन करून सांगितलं : तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, एक ठोका. एक क्षण.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आणि बारीक मासे?"

सकाळी काकांना विचारलं. ते जाळं सोडवत होते, वर न बघता म्हणाले, "त्याहीले कोण मारत बसते? टोपलीत टाकले का जातात आपोआप."

किती वेळात, ते मी विचारलं नाही. टोपली शेजारीच होती, अजून हलत होती.